विहिरीतले अकराशे पन्नास ओहम

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची अमडापूरला! रोपवाटिकेतली नोकरी, स्वतंत्र खोली आणि दारातच संत्र्याची बाग. नाशिकहून निघताना आईने निम्मी बॅग लाडवांनी भरली, जणू इथे कोणी जेवतच नाही. व्यवस्थापक उद्धवरावांनी मला पाहताच विचारलं, "वायरमन पायजे होता, पोरगी काऊन पाठवली?" मी म्हटलं, करंटला हातातल्या बांगड्या दिसत नाहीत. हसले बिचारे.

माझं काम पंपघर सांभाळायचं. मोटर खोल विहिरीच्या तळाशी, आणि राखणीला पुंजाजी, साठीचे, मितभाषी. इथला नियम त्यांनीच सांगितला. विहिरीत उतरणाऱ्याने दोन्ही किटकॅट, म्हणजे मेन स्विचमधले चिनी मातीचे फ्यूज, काढून स्वतःच्या खिशात घालायचे. मग वर कोणी कितीही शहाणा असला तरी त्याला लाईन सुरू करता येत नाही. नियम मला फार आवडला.

५ फेब्रुवारी
मोटर बंद, तरी केबलमधून करंट जातोय. व्होल्टेज २३०, करंट ०.२ अँपिअर. भागाकार केला, रोध अकराशे पन्नास ओहम. गुणाकार केला, शक्ती सेहेचाळीस वॅट. एक बल्ब फुकट जळावा तसं. स्टार्टरचा काँटॅक्ट चिकटला असेल आणि केबल पाण्यात कुठेतरी सोलवटली असेल. पुंजाजींना आकडे सांगितले, तर चहा अर्धा टाकून उठूनच गेले. माझ्या आकडेमोडीने भलेभले पळतात, म्हणून मनावर घेतलं नाही.

७ फेब्रुवारी
काँटॅक्ट घासला. केबल बदलली. आकडे तेच. खराब केबलचा रोध कधी वाढतो, कधी घटतो. हा मात्र ढिम्म हलत नाही. दुपारी डिप्लोमाचं पुस्तक काढलं. ओल्या माणसाच्या अंगाचा रोध त्यात हजार ओहमच्या आसपास दिलाय. वाचून आधी हसले. मग लाडूसुद्धा गोड लागेना.

८ फेब्रुवारी
आज पुंजाजी बोलले. माझ्या आधी इथे सईद होता, मलकापूरचा. मागच्या उन्हाळ्यात तो नियमाप्रमाणे किटकॅट खिशात घालून उतरला. पुंजाजी बाजारातून परतले तेव्हा लाईन आलेली, बाग वाळत होती आणि किटकॅट जागेवर नव्हते. इथले सगळे करतात तेच त्यांनी केलं. तांब्याची तार लावून मेन डायरेक्ट जोडला.

"मले वाटलं, किटकॅट कोनी चोरले. म्या बटन दाबलं, म्याडम. खालून आवाज बी नाही आला."

उद्धवरावांनी पाय घसरला म्हणून सांगितलं आणि सगळं मिटवलं. सईदला मलकापुरात दफन केलं, विहिरीत आता कोणी नाही, हे पुंजाजी मला पुन्हा पुन्हा सांगत होते. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. त्यांना पाणी दिलं.

१० फेब्रुवारी
किटकॅट काढले. पोलवरून येणारी वायरही सोडवली. केबलला आता वीज मिळायला वाटच नाही.
व्होल्टेज २३०. करंट ०.२.
दुसरं मीटर आणून लावलं. तेच. वरून काही जात नसेल तर हे खालून येतंय. मला भीती वाटते. उद्धवरावांना फोन केला. म्हणाले, मीटरचं पुराण पुरे, बाग वाळली तर तू घरी जा.

११ फेब्रुवारी
वायर जोडून पाहिली. मोटर फिरते, पाणी येत नाही. पुन्हा सोडवली. तळाची जाळी तुंबली असणार, कोणीतरी उतरायला हवं. पुंजाजी म्हणतात, मीच जातो. "त्याले माफी मांगाची हाय." मी नको म्हटलं, हात धरला, ओरडलेसुद्धा. ऐकेनात. वरची लाईन बंद हाय ना, तेवढंच सांगा, म्हणाले.
बंदच आहे. मी हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी, सकाळ
पुंजाजी कमरेला दोर बांधून उतरले. किटकॅट त्यांच्या खिशात. मी पंपघरात, मीटर केबलला लावून. हाक मारली की ओ देतात.
०.२. अजून ०.२.
खाली बोलताहेत. माझ्याशी नाही.
हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली—
०.४.
रोध निम्मा. पाचशे पंच्याहत्तर. एका वायरला दोघं—
दोर ओढला. हलत नाही. मी हो म्हटलं होतं. माझ्या शब्दावर उतरले ते—
उद्धवरावांना फोन लागला. माणसं घेऊन निघालेत. कोणी खाली उतरू नका म्हणून सांगितलं—
आवाज नाही. काहीच नाही.
फरशी ओली झालीय. पंप बंद आहे, पाणी कुठून—
तळपायांना मुंग्या. उठता येत नाही. हात लिहितोय तेवढाच—
०.६.
तीनशे त्र्याऐंशी. म्हणजे तिघं. पण विहिरीत तर दोघंच, मग तिसरं को—