दिशा माझी, उडी तिची

प्रिय साडूभाऊंस,

हातातलं सोल्डरिंग आयर्न नीट स्टँडवर ठेवून, दोन्ही हात मोकळे करून नमस्कार.

या दोन हातांनी आजवर काय काय घडवलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. स्वयंपाकघरातली घडीची शिडी. चपलांची मांडणी (डुगडुगत नाही). न्हाणीघराच्या दाराची कडी, जी बाहेरून उघडते, पण फक्त मला. हे पत्र लिहितोय ते टेबल (डुगडुगतं, पण तो दोष फरशीचा). आणि या सगळ्यांच्या वर, म्हणजे टेबलाच्याच वर, माझा जुना कंप्युटर. त्याचा डबा भंगारात निघालेल्या लिफ्टच्या दाराच्या पत्र्यातून मी स्वतः कापला, वाकवला, कानशीनं घासला. रंग स्वतः कालवला. जुन्या कंप्युटरचा तो साय धरल्यासारखा पिवळट रंग दुकानात मिळत नाही. पुढच्या पट्टीवरचं बटण, त्याशेजारचे लाल आकडे, त्यामागची प्रत्येक वायर, सगळं हातचं. कुठलाही कोर्स नाही, कुणी गुरू नाही. लिफ्ट दुरुस्त करता करता जे कळलं ते कळलं.

तुमची कंबर कशी आहे? दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघायचं म्हणजे धंदा कष्टाचाच. धाकटीचा, म्हणजे आमच्या मेहुणीचा, खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक. मला छातीत थोडी जळजळ होते. सौ. म्हणते तो हेवा आहे. हेवा नाही, ॲसिडिटी आहे. दर रविवारी तुमच्याकडून परतलं की होते, एवढंच.

परवा जिन्यात तुम्ही हळूच जो विषय काढलात त्याचं उत्तर देण्यासाठीच खरं तर कागद पुढे ओढला. ते शेवटी देतो. पण त्याआधी काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात, आणि तुमच्याकडे समोरासमोर बोलायला गेलं की तुम्ही इतकं गोड हसता की माणूस मुद्दा विसरतो. (दाताच्या डॉक्टरचे दात इतके चांगले असणं ही निव्वळ जाहिरात आहे.)

"तुम्हा दोघांना त्या खाणीतल्या खेळाचं एवढं काय?" असं तुम्ही विचारलंत. ऐका. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाला एक कंप्युटर क्लास होता. तासाच्या भाड्यानं मशीन मिळायचं. आम्ही टायपिंग शिकतो असं घरी सांगून जायचो आणि खाणीतल्या त्या टोपीवाल्या बुटक्याला कंदील गोळा करायला लावायचो. दोघांत कीबोर्ड एक आणि खुर्ची दीड (एक स्टूल होतं). बाणांची बटणं मी दाबायचो, स्पेसबार ती. म्हणजे दिशा माझी, उडी तिची. बुटका खड्ड्यात पडला की मी म्हणायचो उडी उशिरा मारलीस. ती म्हणायची खड्ड्याकडे नेलंत कुणी? संसाराचं सगळं शिक्षण आमचं तिथंच झालं. पुढे क्लास बंद पडला, नवी मशीनं आली, आणि नव्या मशीनवर तो खेळ लावला की बुटका वाघ मागे लागल्यासारखा पळतो. त्याला त्याच काळातलं मशीन लागतं, त्याच चालीचं. म्हणून मी ते बांधलं. संध्याकाळचा चहा झाला की स्टूल ओढायचं आणि खेळायचं. बाराव्या खाणीपर्यंतचा विक्रम आमच्या नावावर आहे. तिच्या आणि माझ्या. जोडीनं.

आणि मग तुम्ही ते खोकं आणलंत.

मी तुमच्या मशीनला नावं ठेवत नाही. कारखान्यातून निघालं तसंच्या तसं, पुस्तिकेसकट, पडद्यावरची पातळ पारदर्शक पट्टीसुद्धा न सोललेली. कुठल्याशा गोदामात इतकी वर्षं पडून होतं म्हणे. नशीब लागतं. (माझ्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये इतकी वर्षं मला फक्त छत्र्या सापडल्या.) सगळे स्क्रू एका जातीचे, माझ्या डब्याला जितके स्क्रू तितक्या जाती. तुम्ही ते दवाखान्यातले हातमोजे घालून चालू करता हे मात्र मला जरा जास्त वाटतं. कंप्युटरला किडलेली दाढ नसते. पण असो. ज्याच्या घरी मशीन त्याचे मोजे.

माझी तक्रार मशीनबद्दल नाहीच. तक्रार ही, की सौ. आता दर रविवारी बहिणीला भेटायला जाते आणि बहीण स्वयंपाकघरात एकटी असते. मी पहिल्यांदा तुमच्या बैठकीच्या दारात उभा राहून पाहिलं तेव्हा ती खुर्चीत अगदी मधोमध बसली होती. डावा हात स्पेसबारवर, उजवा बाणांवर. दिशाही तिची, उडीही तिची! आणि शेजारी तुम्ही मोजे घालून उभे, वाहवा करताय. सोळावी खाण चालली होती. माझ्या पोटात लिफ्टची दोरी तुटल्यासारखं झालं. (दोरी तुटली तरी लिफ्ट पडत नाही, ब्रेक लागतो. हे लोकांना समजावून मी थकलो. पण पोटाला ब्रेक नसतो.)

आता तुम्ही लोकांना जे सांगत सुटलाय त्याची खरी हकीकत. मी शांतपणे एवढंच म्हणालो की हा विक्रम धरता येणार नाही, कारण तुमचं मशीन हळू चाललंय. हळू मशीनवर कुणीही सोळाव्या खाणीत जाईल, माझी दिवंगत आत्यासुद्धा. तुम्ही म्हणालात, हळू कसं? तेव्हा मी पुढच्या पट्टीवरचं ते बटण दाखवलं. त्या काळी जुन्या खेळांसाठी मशीनची चाल कमी करायची सोय ठेवत. बटण एकदा दाबलं की हळू, पुन्हा दाबलं की पूर्ण चाल. कुणाच्या तरी मोज्याचा धक्का लागून ते हळूवर गेलं असणार, हे माझं निदान. आणि मी सगळ्यांसमोर, जरा झोकातच म्हणा, बटण दाबलं.

बुटका आणखी हळू झाला. इतका हळू, की उडी मारून हवेत त्याला विचार करायला वेळ मिळत होता. आणि सौ. खुर्चीत उडालीच. "अगंबाई, हे अगदी आपल्या घरच्यासारखं झालं!"

त्यानंतर धाकटी स्वयंपाकघरातून का हसत आली, तुम्ही मोजे का काढलेत, मी चहा अर्धा का टाकला, हे लिहीत नाही. घरी येऊन मी डबा उघडला. आमच्याकडचे ते लाल आकडे पूर्ण चाल दाखवतात, नेहमीच दाखवत आले. पण ते आकडे काही मोजत नसतात; मागच्या पिना आपण जशा लावू तेवढंच बिचारे म्हणतात. पिना मीच लावल्या होत्या. बटणाच्या दोन वायरींबद्दल म्हणाल, तर त्या उलट्या नव्हत्या. फक्त सुलट्या नव्हत्या. सौ.ला म्हटलं, तुला हे कधीपासून ठाऊक? ती भाजी निवडत म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. क्लासमध्ये तो तुरुतुरु चालायचा. पण तुम्ही इतक्या हौसेनं पत्रा घासला होतात, म्हटलं चालू दे हळूहळू." बोलली ती एवढंच, पण मला जिना चढून आल्यासारखी धाप लागली. आणि लिफ्टवाला माणूस जिना चढत नाही.

असो. मोठ्यांना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद, तुमच्या खोक्याला माझ्यातर्फे एक फडका.

तुमचा थोरला साडू (नात्यानं तरी)

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. येत्या रविवारी सौ. आली, तर कृपा करून मशीन बिघडलंय असं सांगा. काय बिघडलं ते विचारणार नाही. विचारलंच तर रूट कॅनल म्हणा. पुढचा रविवारही तसाच काढा. तेवढ्यात मी काहीतरी करतो.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. सौ.नं वाचला. मी खाडाखोड करत नाही म्हणून राहू दिला आहे, पण तो रद्द समजावा. ती उठली, माझाच चिमटा उचलला, डबा उघडून दोन वायरींची अदलाबदल केली आणि स्टूल ओढलं. फरक एवढाच, की स्टूल माझ्या बाजूला सरकवलं. बुटका तुरुतुरु निघाला. आता दिशा तिची, उडी माझी. तिसऱ्याच खाणीत पडलो. म्हणाली, उडी उशिरा मारलीत. मी म्हणालो, खड्ड्याकडे नेलंस कुणी? ती म्हणते रविवारी येणार नाही. तुमच्याकडे शेजारी बसून चुका काढायला कुणी नसतं, तुम्ही नुसतं वाहवा करता, त्यानं तिचं लक्ष उडतं. जळजळ बरी आहे.

ता. क. तिसरा. आता जिन्यातल्या विषयाचं. तुम्हाला माझा डबा विकत का हवा ते मला आधी उमगेना. नंतर सौ.कडून कळलं, की धाकटी रोज तुम्हाला ऐकवते: भावजींनी पत्र्यातून घडवलं, तुम्ही नुसतं खोकं फोडलंत. म्हणजे ॲसिडिटी तुमच्याकडेही आहे तर. वाचून फार बरं वाटलं, म्हणजे ऐकून. माझी पत्रं धाकटी मोठ्यानं वाचते हे मला माहीत आहे, आणि तुम्ही मला देऊ केलेला आकडा तिला सांगितलेला नाही हेही. तेव्हा स्वच्छ अक्षरात लिहितो: तुमचा प्रस्ताव मला मान्य नाही. अक्षरी सत्तर हजार फक्त.