मधल्या खोलीतला कापूस आणि माझी छाती

प्रिय नयन,

तुझ्या गुडघ्यांना नमस्कार (तुला वाकता येत नाही, म्हणून मीच त्यांच्यापर्यंत वाकले). दारव्ह्याची थंडी सोसते ना? फोनच केला असता, पण मी खोकले की तू “आधी पाणी पी” म्हणून फोन ठेवून देतेस.

तर माझा खोकला. दिवाळीनंतर येतो, होळीला जातो, माहेरवाशिणीसुद्धा इतक्या राहत नाहीत. शाळेत सिस्टरने लावलेली सवय सुटत नाही, म्हणून मी रात्रीसुद्धा खोकून झाले की “एक्स्क्यूज मी” म्हणते. त्यावर भगवानराव पांघरुणातून म्हणतात, “माफ केलं बाप्पा, झोप आता.” सुनेचा, म्हणजे सुरभीचा, संशय मांजरावर. मांजर शेजारी दिले, ते आमच्याआधी घरी परत. मग ह्यांनी देवांची उदबत्ती बंद केली. देव काही बोलले नाहीत (बहुधा तेही मोकळा श्वास घेत असावेत), मी मात्र खोकतच होते.

शेवटी यवतमाळचे डॉक्टर. म्हणाले, श्वासनलिकेची सूज जुनीच आहे, पण अ‍ॅलर्जी तिला जाऊ देत नाही. म्हणजे सूज ही ठाण मांडलेली पाहुणी, आणि अ‍ॅलर्जी तिला रोज “जेवूनच जा” म्हणणार! “हिवाळ्यात घरात नवीन काय येतं?” त्यांनी विचारले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तुला माहीत आहे, भाव वाढेपर्यंत कापूस आमच्या मधल्या खोलीत छतापर्यंत असतो, आणि उरलेल्या जागेत आमचा पलंग. डॉक्टर म्हणाले, कापूस तरी हलवा, नाहीतर बाईंना. ह्यांनी नीट विचार केला. “डाक्टरसाहेब, कापूस हलवाले मजूर लागतात. हिले हलवणं सोपं नाही का?”

पस्तीस वर्षांचा संसार, नयन, आणि मी कापसापेक्षा हलकी निघाले. तुझी वरची खोली रिकामीच असते ना (तू काही चढत नाहीस)? होळीपर्यंत येऊ का?

तुझीच,
निशिगंधा

ता. क. पाकीट टाकायचे राहिले आणि दारात गाडी उभी. ह्यांनी सगळा कापूस भरून दिला. आमचा प्रफुल्ल ओरडला, “बाबा, भाव पडला हाये, आताच कायले?” तर म्हणाले, “कापूस पुढच्या सालीबी येते.” बस, एवढेच. आता मी शांत झोपते, आणि हेच मधूनमधून उठून माझ्या नाकाशी हात धरून बघतात. तेव्हा खोली राहू दे.

पुन्हा ता. क. खोली झाडून ठेव. आज सकाळी ह्यांनी रिकाम्या जागेत तूर आणून टाकली, आणि तिच्या धुळीने माझा खोकला परत आला. (“जागा रिकामी कायले ठेवाची?”) मला सोडायला स्वतःच येताहेत, आणि माझ्या खोकल्याशिवाय झोप येत नाही म्हणून राहणारही आहेत. ह्यांना झटकल्याशिवाय आत घेऊ नकोस.