तनुजाच्या बाटलीतले खडे

गारखेडा, संभाजीनगर

आई,

जयभीम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

रक्तातल्या लोहासारखं काम करणारं संयुग मी प्रयोगशाळेत बनवतेय, हे तुला मागं सांगितलं होतं. बाटलीत त्याचे खडीसाखरेसारखे खडे पडले, तरच पुढं सरकता येतं.

शेजारच्या टेबलावरच्या तनुजाचे पडले. डाळिंबाच्या दाण्यासारखे लालभडक. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवले. मी हसले, पण आतून लई जळाले. कारण तिला मीच तुझं म्हणणं सांगितलं होतं, "विरजण लावलेलं भांडं हलवायचं नाय, तसं बाटलीला हात लावू नको." तिनं ऐकलं. महिनाभर तिकडं फिरकली नाय.

मी मात्र तिच्या आधी आपले पडावेत म्हणून माझी बाटली रोज उचलून उजेडात धरत होते. तळाला नुसता गाळ बसलाय.

लहानपणी दह्याचं भांडं हलवलं की तू हातावर चापट मारायचीस. इथं मारायला कोण आहे?

आज नवी बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली तनुजाच्याच हातात दिली. माझ्या हातातून ती सुटता सुटेना.

तुझी,
संध्या