मावशीचा पिवळा स्वेटर

३ फेब्रुवारी

आलो एकदाचा! तीन आठवडे अख्खं घर माझं. खाली दोन खोल्या, वर एक, मागे टिचभर बाग आणि बागेत मावशीचे ते जगप्रसिद्ध चार फीडर, पाखरांच्या दाण्यांचे. मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली आहे, आणि नोकरी गेल्यापासून मी घरी लोळतोय म्हणून आईने परस्पर माझं नाव सुचवलं. काम काय, तर पाखरांना दाणे घालायचे आणि ती खाताना त्यांचं शूटिंग करायचं. सात वर्षं जाहिराती एडिट केल्या, आता चिमण्या. धन्य आहे!

फ्रिजवर सूचनांचा कागद आहे. बरोबर सव्वासातला दाणे. बागेत जाताना पिवळा स्वेटर घालायचा, कारण पाखरं माणूस नाही, स्वेटर ओळखतात. आणि खाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित : स्वेटर बागेत गेला की दाणे पडलेच पाहिजेत. हे वाचून मी एकटाच खो खो हसलो. मग चहा ठेवला.

६ फेब्रुवारी

स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो. खोळ घातलेल्या गादीसारखा दिसतो मी त्यात. वर त्याला कपाटात कोंडलेल्या कपड्यांचा वास.

मावशीच्या चॅनेलला तीनशे बारा प्रेक्षक आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतला कॅमेरा रोज सात ते नऊ आपोआप लाइव्ह सुरू होतो आणि ही रिकामटेकडी मंडळी डोळ्यांत तेल घालून बघत बसतात. एक बाई रोज विचारतात, लंगडी साळुंकी आली का? नाही हो बाई, तिला तुमच्यापेक्षा बरी कामं आहेत. कुंपणापलीकडे निवृत्त पोस्टमास्तर राहतात. दुर्बीण, वही, कानटोपी असा सगळा सरंजाम. आज सत्तावीस चिमण्या आल्या, हे त्यांनी मला अशा थाटात सांगितलं की जणू अंडी यांनीच घातली होती. मी मान डोलावली आणि आत आलो.

९ फेब्रुवारी

डोकं चाललं! माझा लाइटचा जुना स्टँड बागेत उभा केला, आडवी काठी बांधली आणि वर स्वेटर चढवला. उलटं बुजगावणं. हे पाखरांना बोलावतं. मूर्ख पाखरं धावत आली.

आणि फीडर? रिकामे ठेवले. भरल्या पोटी चिमण्या काय दाखवणार, ढेकर? उपाशी पाखरं मात्र काय भांडतात! पिसं उडाली, एका होल्याचा डोळा सुजला. मी ते कापून, संगीत घालून चॅनेलवर चढवलं.

११ फेब्रुवारी

चाळीस हजार लोकांनी पाहिलं. चाळीस हजार! मावशीला सहा वर्षांत जमलं नाही ते तीन दिवसांत. अशा दोन-चार क्लिप दाखवल्या की कुठेही नोकरी मिळेल मला.

मावशीचा फोन आला होता. दाणे घालतोस ना, म्हणाली. मी म्हटलं, घालतो की, अगदी पोटभर. मग म्हणाली की स्वेटरने त्यांना कधी फसवू नकोस, त्यांचा विश्वास आहे त्याच्यावर. विश्वास! चिमणीचा! फोन ठेवून मी पाच मिनिटं हसत होतो.

१३ फेब्रुवारी

आज भांडण नाही. शंभरेक पाखरं आली, स्टँडच्या काठीवर, स्वेटरच्या खांद्यांवर, कुंपणावर बसली. फीडरकडे कोणी बघेना. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. चिवचिवाट नाही. मी टाळ्या वाजवल्या, काचेवर थाप मारली, एकही उडालं नाही. दोन तास नुसती बसून होती, ठोंबी.

क्लिप वाया गेली.

१४ फेब्रुवारी

सव्वासातला चारही फीडर भरलेले. मी भरले नाहीत. स्वयंपाकघरातला दाण्यांचा डबा मात्र वीतभर उतरला आहे.

पोस्टमास्तरांचाच आगाऊपणा असणार. कुंपणाशी जाऊन खडसावलं. ते उलट माझ्यावरच रुसले. म्हणाले, सकाळी तूच होतास की बागेत, मी हात केला तर बघितलंसुद्धा नाहीस.

रेकॉर्डिंग पाहिलं. पिवळा स्वेटर, पाठमोरा, शांतपणे दाणे ओततोय. खांद्यांच्या वर पाखरांचा गच्च थवा, त्यामुळे डोकं दिसत नाही. बाह्यांच्या टोकाशी हात दिसत नाहीत.

स्टँड मागे तसाच उभा आहे. उघडा.

कोणीतरी चेष्टा करतंय. एडिटरला व्हिडिओने घाबरवतात, गाढवं!

१५ फेब्रुवारी

स्वेटर काढायला गेलो. सगळी बटणं लावलेली होती, आणि आत ऊब होती. आता कोणी काढून ठेवावा तशी. कचऱ्याच्या पिशवीत कोंबला, गाडी आली तेव्हा स्वतः नेऊन टाकला. गाडी वळून जाईपर्यंत उभा राहिलो.

१६ फेब्रुवारी

स्टँडवर आहे.

फीडर भरलेले. डबा तळाला गेलाय.

मावशीला फोन केला, सगळं सांगितलं. ती आधी हसली. म्हणाली, मी परवापासून लाइव्ह बघते रे, किती छान उभा राहतोस, पाखरं तुझ्या अंगाखांद्यावर खेळतात, मला नाही कधी जमलं. मी ओरडलो की तो मी नाही. मग तिने विचारलं, दाणे न घालता स्वेटर नेला होतास का बागेत? मी हो म्हटलं. म्हणाली, अरे, मग तो दिलेला शब्द पुरा करणारच. डबा रिकामा होऊ देऊ नकोस.

दाणे आणायला निघालो. पायरीवर, कठड्यावर, दाराच्या कडीवर पाखरं. दार फटीएवढं उघडलं तर तोंडावरच आली. गालाला दोन टाके पडतील एवढं लागलंय. दार लावून घेतलं.

चिमण्यांना घाबरलो मी. लाज वाटते लिहायला.

१७ फेब्रुवारी

डबा रिकामा. तरी फीडर भरलेले — काळं काहीतरी. झूम केलं.

केस आहेत.

डोक्यामागे हात लावला. नाण्याएवढं टक्कल. काल दुपारी खुर्चीत डोळा लागला होता, तेवढ्यात —

लाइव्हवर त्या साळुंकीवाल्या बाईंनी लिहिलंय, घरट्यासाठी केस देता, किती मायाळू आहात.

१८ फेब्रुवारी

झोपायचं नाही असं ठरवलं होतं. झोपलो. दहाही नखं मुळापासून गेलीत. करंगळीचं रक्त थांबत नाही, म्हणून अक्षर असं.

फोन पाण्याच्या बादलीत सापडला. मी नाही टाकला.

खिडकीतून पोस्टमास्तरांना हाका मारल्या. त्यांनी हात हलवला. मला नाही — बागेतल्याला. मग वहीत काहीतरी मोजून लिहिलं. म्हातारा आंधळा! इकडे बघ ना! त्यांना स्वेटर दिसतो, म्हणजे मी दिसतो. पाखरांना हसत होतो मी.

१९ फेब्रुवारी

७:००. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. लोक बघतायत. कॅमेऱ्यासमोर हात हलवला, किंचाळलो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कोणीतरी लिहिलं, आज काचेत कसलं तरी प्रतिबिंब येतंय.

मावशे, चुकलो गं. मी खरंच चुकलो.

७:११. स्टँड उघडा आहे. पाखरं फीडरवर ओळीने. वाट बघतायत.

७:१२. स्वयंपाकघराचं मागचं दार. कडी लावली होती मी.

लावली होती.

७:१३. डब्याचं झाकण काढल्याचा आवाज. आत बाही फिरतेय, खरवडतेय. काही नाही त्यात, मेल्या, संपलंय सगळं —

७:१४. झाकण खाली ठेवलं. वळला. अजून एक मिनिट आहे. ऊब जाणवतेय, कपाटाचा तो वास — माझ्या हाताकडे बघतोय —