सत्त्याऐंशी घरं, दोन फ्लॉप्या

सौंसर,
दि. १६ मार्च १९८९

चि. गुणवंतास वामनदादाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुझी तब्येत कशी आहे ते कळव. सुशीलाचे गुडघे दुखतात आणि त्याचा दोष ती माझ्या नोकरीला देते, कसा ते मला अजून समजलं नाही. काकू, म्हणजे तुझी माय, लोधीखेड्याला बरी आहे, खोकला तेवढा आहे. दिवाळीनंतर तुझं पत्र नाही, पण कामात असशील असं आम्ही समजून घेतो (सुशीला समजून घेत नाही, तो तिचा स्वभाव). लिहिण्याचं कारण असं की तू नागपुरात कॉम्प्युटरवर काम करतोस आणि त्याच मशीनीच्या बाबतीत माझ्या हातून एक प्रकार घडून गेला आहे. इथं कोणाला विचारायची सोय नाही. हसायचं असेल तर तिथल्या तिथं हसून घे, पत्रात लिहू नको, पत्र सुशीला आधी फोडते.

लोधीखेड्याच्या सत्त्याऐंशी घरांना राहत्या जागेच्या मालकीचे कागद, म्हणजे पट्टे, मिळणार म्हणून दोन वर्षं मी दारोदार फिरून फारम भरले, हे तुला माहीत आहे. सगळी मजुरीवाली माणसं. घर स्वतःचं, पण घराखालची जमीन कोणाची ते कागदावर कोणी दाखवू शकत नाही. त्यात एक फारम काकूचं. ३१ मार्चच्या आत यादी छिंदवाड्याला पोचली तर पट्टे, नाही तर सगळं पहिल्यापासून, आणि पुन्हा दोन वर्षं थांबायची ताकद तिथल्या अर्ध्या म्हाताऱ्यांत नाही. पण छिंदवाड्याला नवीन कॉम्प्युटर आलं आणि आमच्या साहेबांच्या डोक्यात बसलं की जिल्ह्यात पहिली यादी फ्लॉपीवर जाईल ती आपली, आणि कागद एकही जाणार नाही. पांढुर्ण्याला रजनीबाईंचा टायपिंगचा क्लास आहे. त्यांच्याकडे नागपूरहून आणलेलं एक जुनं मशीन आहे (पडदा आहे, छापायचं यंत्र नाही, आणि स्वतःच्या पोटात ते काही ठेवत नाही, जे असेल ते फ्लॉपीवरच). बाईंनी वीस दिवस बसून नावं भरली आणि एक फ्लॉपी व तिची एक नक्कल अशा दोन माझ्या हातात दिल्या. साहेब म्हणाले, आता फारमांचे गठ्ठे कशाला पाहिजेत. आमच्या हिरामण चपराश्यानं हुकूम समजून गठ्ठे संत्र्याच्या पेट्यांत खाली टाकायला देऊन टाकले, मृगाचा बहार निघून राहिला होता ना. लोधीखेड्याचे सत्त्याऐंशी अंगठे संत्र्याखाली दबून कलकत्त्याला गेले बाबू.

मी छोट्या रेल्वेगाडीनं छिंदवाड्याला गेलो. तिथला ऑपरेटर हेमंत चांगला पोरगा आहे. त्यानं फ्लॉपी घातली आणि मशीननं एरर दाखवला. दुसरी घातली, तोच एरर. फ्लॉपी खराब आहे म्हणाला. परत पांढुर्ण्याला आलो तर रजनीबाईंच्या पडद्यावर पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत यादी ठणठणीत. बाई म्हणाल्या, छिंदवाड्याचं मशीन खराब आहे. मी पुन्हा छिंदवाड्याला. अशा तीन फेऱ्या झाल्या, आणि दर वेळी पांढुर्ण्याला यादी माझ्या डोळ्यांपुढं सरळ दिसत असताना खिशातलं पेन काढून ती उतरवून घ्यावी हे मला सुचलं नाही. कागद पाठवायचा नाही असा लेखी हुकूम होता, म्हणून पेनाकडे हातच गेला नाही. हिरामण म्हणे, जामसांवलीच्या हनुमानाच्या पायावर ठेवून आणा, तिथं भल्या भल्या बाधा उतरतात. मी त्याला सांगितलं की आपण हे मानत नाही (बस जामसांवलीच्या फाट्यावर थांबली तेव्हा मी खिशावर हात ठेवून बसलो होतो, तो फक्त धक्का लागू नये म्हणून).

तिसऱ्या फेरीला हेमंतला कोणाच्या तरी हळदीला जायचं होतं. तो घाईत म्हणाला, काका, फ्लॉपी आमच्या मशीनसाठी तयार केलेली नसेल, तयार करून घ्या, पुस्तकात दिलं आहे. असं म्हणून पुस्तक माझ्या हातात देऊन गेला. नवीन फ्लॉपी तयार करून घ्या असं त्याला म्हणायचं होतं, पण नवीन हा शब्द तो हळदीला घेऊन गेला. मी पुस्तकात बघून एकेक अक्षर दाबलं. मशीन कुरकुरलं, थांबलं, आणि पडद्यावर विचारलं की आणखी एक करायची आहे काय, हो की नाही. आता तूच सांग, सतरा वर्षांच्या नोकरीत छिंदवाड्याहून आलेल्या प्रश्नाला मी कधी नाही असं उत्तर दिलं आहे काय? आपल्याकडे पद्धतच आहे, वरून विचारणा आली की हो लिहायचं आणि तपशील मागाहून पाठवायचा. मी हो दाबलं आणि नक्कलही आत घातली. मग पहिली फ्लॉपी पुन्हा लावून पाहिली, आणि काय सांगू, एरर गायब! मशीन एकदम गरीब गाय. मी धावत जाऊन साहेबांना तार केली की बिघाड दुरुस्त झाला.

परत येऊन यादी शोधत बसलो. हेमंत हळद लावून आला आणि माझ्या शेजारी बसला. मग त्यानं समजावलं. फ्लॉपी चांगली होती आणि दोन्ही मशीनं चांगली होती. बाईंचं मशीन फ्लॉपीवर उभे वाफे पाडते, याचं आडवे, म्हणून याचं पाणी त्याच्या वाफ्यात जात नव्हतं. मी दोन्ही शेतं नांगरून साफ केली होती, दोन्ही फ्लॉप्या कोऱ्या. गुणवंता, मी त्या खुर्चीवर रडलो. पोरगा बिचारा मला चहा पाजून गाडीपर्यंत सोडायला आला.

सौंसरला साहेब माझी तार वाचून पेढे वाटून राहिले होते. मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, हातातला पेढा कागदात परत ठेवून फक्त म्हणाले, हाताने लिहा, लवकर लिहा. मी लोधीखेड्याला गेलो, काय तोंड दाखवायचं या विचारात काकूच्या ओट्यावर बसलो, आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं की ती दोन शिव्या देईल. तिनं मला पाण्याचा गडू दिला आणि म्हणाली, "लिही." बोरवेलीपासून सुरू केलं आणि एकेका दारावरून नेलं, श्रावणाचं घर, त्याची पोरं किती, कोणाची सासू कोणत्या गावची, कोण बोरगावला कामाला जाते. एक अक्षर वाचता येत नाही तिला. दोन दिवस ती सांगत होती आणि मी लिहीत होतो, आणि लोकं येऊन पुन्हा अंगठे देत होती, कोणी मला वाईट बोललं नाही. शहाऐंशी घरं लागली. एक काही केल्या लागत नाही. साहेब म्हणतात एकानं काय फरक पडते, पण मला झोप नाही.

बाकी ठीक. तुझ्याकडच्या मशीनीवर असं होऊ नये म्हणून काय करतात ते कळव. सुशीलाचे आशीर्वाद.

तुझा
वामनदादा

ता.क. मी वर खोटं लिहिलं. ते एक घर मला लागलं आहे. काकूनं सगळी आळी सांगितली आणि स्वतःचं दार सोडून पुढे गेली. मी विचारलं तर म्हणते, "माह्यं राहू दे बाबू. गुणवंता नेनार हाये मले नागपूरले. जागा अडवून काय करू?" मागच्या फारमावर मीच तिला समजावून अंगठा घेतला होता, तेव्हा तुझं ते दिवाळीचं पत्र आलेलं नव्हतं. तिला नेणार असं तू त्यात लिहिलं आहेस. खरंच नेणार आहेस काय? नेणार असशील तर माझं काही म्हणणं नाही, उलट आनंद आहे.

ता.क. २. तुझ्या उत्तराची वाट न बघता सत्त्याऐंशीव्या नंबरावर मी तिचं नाव लिहून ठेवलं आहे, पण अंगठा ती देत नाही, गुणवंता आला की त्याले विचारून देईन म्हणते. म्हणून ३१ च्या आत एक दिवस ये, न्यायला ये किंवा नाही म्हणायला ये. तिनं दिवाळीपासून आपली भांडी पोत्यात बांधून दाराशी ठेवली आहेत, आणि शेजारच्या मंगलाच्या पातेल्यात भाजी करते.