आईच्या खोलीचं माप

३ मार्च, सोमवार
१. दुसऱ्या शहरातल्या बंदरावरची नोकरी मिळाली. काम तेच — मालाचे वजनकाटे तपासायचे. पगार बरा.
२. एक एप्रिलला हजर व्हायचं.
३. घरमालकाला नोटीस दिली. त्याला दुःख झाल्यासारखं वाटलं नाही.
४. आईला संध्याकाळी सांगितलं. "बरं झालं," म्हणाली आणि गॅस बारीक केला.
५. चर्चा संपली.

५ मार्च, बुधवार
सामान मोजायला घेतलं. आईच्या वस्तूंना पिवळी चिठ्ठी, माझ्या वस्तूंना निळी, दोघींच्या वस्तूंना पांढरी. लांबी, रुंदी, उंची. आई पलंगावर बसून बघत होती.
"मलाही लाव एक," म्हणाली.
मी तिला उठायला सांगितलं. पलंग मोजायचा राहिला होता.

८ मार्च, शनिवार
वाहतूकवाल्याला फोन केला. घनफुटांचा आकडा सांगितला.
"ताई, असं मोजून कुणी सांगत नाही. साधारण सांगा."
"साधारण म्हणजे किती?"
"साधारण म्हणजे साधारण."
या माणसाच्या हाती आपला संसार द्यायचा! पण बाकीचे दोघे याहून महाग, आणि साधारणच.
एका खाऱ्या हवेत गंजलेल्या वस्तू दुसऱ्या खाऱ्या हवेत न्यायला एवढे पैसे पडतात, हे नव्यानेच कळलं.

११ मार्च, मंगळवार
घर ठरवलं. दोन खोल्या. एकीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, त्याचं भाडं वेगळं मोजावं लागतंय. ती खोली आईची. खर्चाचा तक्ता परत मांडला. माझी दुचाकी विकली तर जमतं.
आईला फोटो दाखवले. चष्मा लावून नीट पाहिले. "छान आहे. हवा येईल."
पसंत, असं लिहून टाकलं.

१४ मार्च, शुक्रवार
शिवणयंत्र दिसेना. आईने मावशीला दिलं म्हणे. "तिला हवं होतं."
मावशीला सुईत दोरा ओवता येत नाही. पण यंत्र जड, शिवाय त्याच्या लोखंडी पायांना वेगळं पॅकिंग लागलं असतं. मी यादीतून खोडलं. आकडा खाली आला.

१८ मार्च, मंगळवार
ऑफिसातून आले तर आईचं कपाटही गेलेलं. आणि वेताची खुर्ची.
"तिथे बघू काय लागेल ते," आई म्हणाली.
आता मोठी गाडी लागणार नाही, लहान पुरेल. बरीच बचत. आईला तसं सांगितलं, शाबासकीही दिली. काटकसरीत तिचा हात कुणी धरणार नाही. ती हसली आणि कुकरची शिट्टी मोजायला आत गेली. शिट्टी झालीच नव्हती.

२१ मार्च, शुक्रवार
बांधाबांधीला दोरी हवी होती म्हणून मावशीकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे तर राहते. तिच्या मागच्या खोलीचं दार उघडं होतं.
शिवणयंत्र खिडकीशी. कपाट डाव्या हाताला, आमच्याकडे होतं तसंच. वेताची खुर्ची. सगळ्यांवर माझ्या पिवळ्या चिठ्ठ्या, माझ्याच अक्षरात. मधे एक कोरी गादी, तिच्यावर चादर घातलेली.
मावशी मागून आली. "अगं, उभी का? तुझी आई इथे राहणार हे तुला माहीतच असेल म्हटलं. तू एवढं सगळं मोजतेस!"
दोरी घेतली आणि घरी आले.
आई कपड्यांच्या घड्या घालत होती.
"तू येत नाहीयेस?"
"तू कुठे विचारलंस?"
"मी दोन खोल्या घेतल्या."
"घेतल्यास. पलंग मोजलास, कपाट मोजलंस. विचारलं नाहीस."
"मग बोलायचं ना."
"तू टेप धरून उभी होतीस. टेप धरलेल्या माणसाशी काय बोलायचं?" तिने घडी मोडून पुन्हा घातली. "मला वाटलं, एकटीनं जायचंय हिला, आणि बोलवत नाहीये. म्हटलं आपणच वाट मोकळी करावी. गाडी लहान झाली तेव्हा किती खूश झालीस."
मी दोरी खाली ठेवली. खरंच खूश झाले होते.
कामावर कुणी असा काटा बरोबर म्हणून पास केला असता — वजन कमी भरतंय, दर वेळी एकाच बाजूचं — तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

२२ मार्च, शनिवार
कशालाच हात लावला नाही. वाहतूकवाल्याचा फोन. "ताई, गाडी लहान की मोठी?" कळवते म्हटलं. "कधी?" साधारण बुधवारी, म्हटलं. त्याला फार बरं वाटलं.

२३ मार्च, रविवार
आई,
हे पान वहीतून फाडून तुझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवतेय. तोंडाने विचारायला गेले की मी भाड्याबद्दल बोलायला लागते, म्हणून लिहून.
तू माझ्याबरोबर येशील का?
खर्चाचं मनात आणू नकोस. मावशीचं काय करायचं ते तू ठरव. मला एकटीला तिथे राहायची भीती वाटते. नोकरीचं पत्र आलं त्या दिवसापासून वाटतेय, आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, या वहीलाही नाही.
यायचं नसेल तर नाही म्हण. मी रुसेन, पण जाईन.
मंगळवारी संध्याकाळपर्यंत सांग.