‘आमच्याविषयी’मधली शेवटची ओळ

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. मी ठीक आहे. तूही खुशाल आहेस, हे मला ठाऊक आहे. पत्ता चामडंवाल्याकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, तो बिचारा द्यायला तयारच नव्हता. मी त्याच्या दुकानात ठाण मांडून बसले तेव्हा कुठे त्यानं लिहून दिला. चार वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडावंसं वाटेल. फाड, पण वाचून झाल्यावर.

इकडची खबर फारशी नाही. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. समोरच्या शिंपीणबाईंनी दुकान बंद केलं आणि त्या मुलाकडे राहायला गेल्या, त्यामुळे दुपारच्या चहाला आता कोणी नाही. कारागीर दोनच उरलेत. कामाला चोख आहेत, पण दिवसभर कानात गाणी. हाक मारली तर ऐकू जात नाही, टेबल वाजवावं लागतं. परवा लक्षात आलं की सकाळपासून माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द ‘हॅलो’ होता, आणि तोही राँग नंबरला.

मोठी बातमी म्हणजे आपण दुकानाची वेबसाइट काढली. ‘आपण’ लिहिलंय बघ. आता खोडत नाही.

हसू नकोस. गिऱ्हाईक कमी झालं होतं रे. एक पाय आखूड असलेला माणूस, अपघातात बोटं गेलेली बाई, यांना मापानं बूट करून देणारं आपल्यासारखं दुकान हवंच असतं, पण आपण कुठे आहोत हे त्यांना कळणार कसं? म्हणून आधी एकाला काम दिलं. गोरागोमटा, चकचकीत. मी काही म्हटलं की ‘हो ताई’. अक्षरं मोठी हवीत? हो ताई. फोन नंबर वर हवा? हो ताई. दहा दिवसांत साइट तयार. उघडून बघते तर काय, पहिल्याच पानावर उंच टाचांचे बूट घालून उड्या मारणारी एक बया! आपल्याकडे येणाऱ्या माणसाला उंबरा ओलांडायची पंचाईत, आणि ही उड्या मारतेय. अक्षरं मुंगीएवढी. फोन नंबर शोधायला मलाच घाम फुटला. महिनाभर एकाचाही फोन आला नाही. मी कपाळाला हात लावला आणि हो-ताईला नारळ दिला.

मग तिघांना भेटले. एक बोलतच सुटला. दुसऱ्याला आधी दुकानाचं नाव बदलायचं होतं. तिसरी आली ती एक बाई, पस्तिशीची, सपाट चपला, हातात साधी वही. मी म्हटलं, मला वेबसाइट हवी. ती म्हणाली, का? म्हटलं, गिऱ्हाईक वाढवायला. तर म्हणे, आता आहे ते कमी का झालं? अशी प्रत्येक गोष्टीला का. मनात म्हटलं, ही डोकं खाणार. मी तिचं नाव का-बाई ठेवलं, आणि तिलाच काम दिलं. का ते मलाही नीट सांगता येणार नाही. मला इतके प्रश्न कोणी विचारून जमाना झाला होता, कदाचित म्हणून.

तिनं आधी काय केलं असेल? काही नाही. दोन दिवस दुकानातल्या बाकावर बसून राहिली. फोन वाजला की लोक काय विचारतात ते वहीत उतरवायचं, बस. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाली, “ताई, अठरा फोन आले. त्यातल्या बारा जणांनी एकच विचारलं, मला येणं जमत नाही, घरून माप पाठवलं तर चालेल का? तुम्ही बाराही जणांना नाही म्हणालात.” मी म्हटलं, अगं, माप म्हणजे काय खेळ आहे? तर वही मिटून म्हणाली, “मग हीच तुमची वेबसाइट. घरी माप कसं घ्यायचं, ते सांगणारं पान.”

अक्कलवाली आहे. पान झालंही सुरेख. कागदावर पाय ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, तो इथे पाठवा. मोठी अक्षरं, चित्रं, वर ठळक फोन नंबर. तिनं मला विचारलं होतं, माप बसून घ्यायचं की उभं राहून? मी ठसक्यात सांगितलं, बसून, दुसरं काय. गिऱ्हाईक पडद्याआड जाऊन तुझ्या त्या खुर्चीवर बसतं, एवढंच मी तीस वर्षं गल्ल्यावरून बघितलेलं. तू गेल्यापासून तर जुन्या गिऱ्हाइकांच्या जुन्या मापांवरच काम चाललं होतं.

अकरा जोड गेले, सात परत आले. बोटं चेपतात.

का-बाईनं विचारलं, पूर्वी माप कोण घ्यायचं? म्हटलं, माझा धाकटा भाऊ. मग त्यांना विचारा की, ती म्हणाली.

इथे मी काय उत्तर दिलं ते तुला सांगायचंय. त्यासाठीच तर हे पत्र. पण आधी मापाचं सांगते, म्हणजे निदान तेवढं तरी तुझ्यापर्यंत धड पोचेल. एक दिवस मी स्वतःच्या पायाभोवती पेन्सिल फिरवत बसले होते. फोन वाजला म्हणून उठले, आणि खाली बघते तर पाय रेघेच्या बाहेर! चांगला बोटाच्या पेरभर. अंगाचा भार पडला की पाय पसरतो. तू पडद्याआड प्रत्येकाला म्हणायचास ना, “आता उभे राहा, अंग सैल सोडा.” मला वाटायचं तू त्यांना निरोप देतोयस. तीस वर्षं! सातही जोड पुन्हा करून पाठवले. पान दुरुस्त केलं. तेव्हापासून एकही परत आलेला नाही.

तर, का-बाई म्हणाली, त्यांना विचारा. आणि मी म्हणाले, “तो वारला. चार वर्षं झाली.”

असं पटकन बोलून गेले. ‘आम्ही बोलत नाही’ म्हटलं असतं तर ती पुढे का विचारणार, हे मला माहीत होतं. आणि त्या का-चं उत्तर तुझ्यामाझ्याशिवाय त्या दिवशी दुकानात असलेल्या तीन गिऱ्हाइकांनाच माहीत आहे. तू एवढंच म्हणाला होतास, ताई, पाटीवर तुझ्या नावाशेजारी माझंही नाव घाल. आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, पाटीवर दुकान चालवणाऱ्याचं नाव असतं, लोकांच्या पायाशी बसणाऱ्याचं नाही. तू टेप गुंडाळलीस, गल्ल्यावर ठेवलीस आणि चपला घालून गेलास. ते वाक्य मी तेव्हा रागात बोलले असं स्वतःला सांगत आले. रागात नव्हतं रे. मला तसंच वाटायचं.

का-बाईचा चेहरा पडला. आठवड्यानं ती ‘आमच्याविषयी’ हे कोरं पान घेऊन आली. भिंतीवरचा तुझा फोटो तिनं मला न सांगता काढून नेला होता, ज्यात तू जमिनीवर बसून त्या आजींच्या टाचेला मापाची पट्टी लावतोयस, तो. म्हणाली, आता यांच्याबद्दल सांगा. आणि मी सांगत सुटले. तू चाल ऐकून कोणता पाय आखूड ते ओळखायचास. लहान मुलं रडली की त्यांना तुझ्याच पायाचं माप घ्यायला लावायचास. एका बाईंना जन्मात पहिल्यांदा दोन्ही पायांत सारखे दिसणारे बूट मिळाले तेव्हा त्या आरशासमोरून हलेनात, आणि तू दुकान बंद न करता तासभर थांबलास. तिनं सगळं जसंच्या तसं लिहिलं. पानावरचं अक्षरन् अक्षर खरं होतं, शेवटची ओळ सोडून. ‘चार वर्षांपूर्वी ते आपल्याला सोडून गेले.’

जिवंतपणी तुझं नाव पाटीवर घालायला माझा हात धजला नाही, आणि मेलास म्हटल्यावर पानभर घातलं. अशी तुझी बहीण.

धाकट्या, वेबसाइट चालली. तुफान चालली. लोकांनी ते पान एकमेकांना पाठवलं. ऑर्डरी आल्या, आणि ऑर्डरींबरोबर जुन्या गिऱ्हाइकांचे निरोप आले. ‘वाचून फार वाईट वाटलं.’ ‘त्यांनी माझ्या मुलाला चालतं केलं.’ ‘असा माणूस पुन्हा होणे नाही.’ पहिला निरोप आला तेव्हाच ती ओळ काढायला हवी होती. एक शब्द का-बाईला सांगायचा अवकाश होता. मी सांगितलं नाही.

का, ते सांगते. दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं. त्या वेळात मी त्या निरोपांना उत्तरं लिहायला लागले. लोक उलट लिहायचे, विचारपूस करायचे. ताई, तुम्ही जेवता ना वेळेवर? एकट्या असता का? असं मला कोण विचारतं? आणि तुझ्याबद्दल बोलायला माझ्याकडे दुसरं कोण होतं? एकानं विचारलं, शेवटी काय झालं होतं? मी लिहिलं, झोपेतच गेला, त्रास झाला नाही. आणि ते लिहून मी खरीखुरी रडले. नाटक नव्हतं. हे तुला वेडेपणाचं वाटेल, पण तो दीड महिना माझा बरा गेला. अडतीस निरोप आले.

एकोणचाळिसावा परवा सोमवारी आला. दोनच ओळी होत्या. ‘आत्या, बाबा माझ्यासमोर बसून चहा पितायत. तुम्ही असं का लिहिलंत?’

तुझी चिमणी एवढी मोठी झाली? मी पाहिली तेव्हा तिला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. मी लगेच उत्तर लिहिलं, काय लिहिलं ते आठवत नाही, नुसती माफी मागितली असेन. तिनं कळवलं, ‘बाबांनी अजून पाहिलेलं नाही. रविवारी मी दाखवणार आहे. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर बरं.’ पोरगी तुझ्यावर गेली आहे. ओरडत नाही, पण सोडतही नाही.

का-बाईला बोलावून सगळं सांगितलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा का विचारलं नाही, ते मला जास्त लागलं. समोर बसून आधी पान काढून टाकलं. मग म्हणाली, “ते मी लिहिलं होतं, ताई. लोकांनी माझ्याही शब्दावर विश्वास ठेवला. आता अडतीस जणांना तुम्ही खरं कळवायचं. मी इथेच बसते.” बसली, दोन तास. मी प्रत्येकाला लिहिलं, ‘माझा भाऊ जिवंत आहे. तो गेला असं मी खोटं सांगितलं. आमचं भांडण झालं होतं आणि चूक माझी होती.’ पहिलं तीनदा खोडून लिहिलं. विसाव्यापर्यंत सवय झाली, पण हलकं काही वाटलं नाही.

काहींनी झापलं. एकानं ऑर्डर रद्द केली, बरोबरच केली. पण खरं सांगू का, बहुतेकांनी रागाच्या ओळीखाली एकच विचारलंय: मग ते माप घ्यायला कधी बसतात?

ते अडतीस निरोप छापून सोबत जोडलेत. आपल्यामागे लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते माणसाला कधी कळत नाही. तुला कळेल. माझ्या खोटेपणातून तुझ्या पदरात एवढंच चांगलं पडलं. बायकोला आणि चिमणीलाही वाचायला दे.

तू बुटांच्या कारखान्यात खोकी तपासतोस, असं चामडंवाला म्हणाला. पण परत ये असं मी लिहीत नाही. तो हक्क मी त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांसमोर घालवला. पाटी रंगवायला दिली आहे, दोन्ही नावांची, तुझं आधी. तू येवोस न येवोस, ती लागणार. आलास तर माझ्या शेजारी गल्ल्यावर बस, नाहीतर मी तुझ्याजवळ जमिनीवर बसेन आणि माप शिकेन. गुडघा कुरकुरला तर कुरकुरू दे.

हे पत्र शनिवारी तुझ्या हातात पडेल असं टपालवाला म्हणतो. चिमणीला सांग, आत्यानं आधी सांगितलं.

लोकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते कधी बसतात, याचं उत्तर तुझं आहे. तू नाही म्हणालास तर ‘तो येणार नाही, आणि त्याला कारण मी आहे’ असं अडतीसही जणांना लिहीन. त्यात एकही ओळ खोटी नसेल.

फक्त वयानं थोरली,
तुझी ताई